गुलमर्गला चार दिवस स्की शिकलो: पॅकेज, मास्तर, बूट आणि गोंडोला, सगळ्याचा हिशोब

आधी मार्क देऊन टाकते, ज्यांना एवढं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी. स्की शिकवणारा मास्तर, पाचपैकी पाच. गोंडोला, म्हणजे डोंगरावर नेणारा रोपवे, साडेचार, अर्धा मार्क गेला तो माझ्याच वेंधळेपणाचा. स्की नि बूट भाड्याने देणारं पहिलं दुकान एक, दुसरं चार. आणि एजंटने गळ्यात मारलेलं 'फॅमिली स्की पॅकेज', त्याला मार्क द्यायचे तर आधी त्यात स्की कुठे होतं ते शोधायला लागेल.

आम्ही तारकर्लीचे. घरचाच होमस्टे आहे, पाच खोल्या, जेवण मी बघते, नवऱ्याची बोट आहे, डॉल्फिन दाखवायला नि देवबागच्या संगमावर न्यायला. दिवाळी ते थर्टीफर्स्ट आम्हाला नाक पुसायला फुरसत नसते, मग परत मे महिना, आणि मेअखेर वॉटरस्पोर्ट बंद झाले की ऑगस्ट संपेपर्यंत मोकळेच पण तेव्हा बर्फ कुठला आणायचा. राहता राहिले जानेवारी-फेब्रुवारीतले मधले दिवस, तेव्हा शहरातल्या पोरांच्या परीक्षा जवळ आलेल्या असतात म्हणून आमच्याकडे शनिवार-रविवार सोडला तर शुकशुकाट. नशिबाने काश्मीरला बर्फ पण तेव्हाच. आंबावाल्यांचं तसं नाही हां, माझे वडील देवगडचे, मोहोर धरलाय, तुडतुडा पडेल, फवारणी कोण करणार असं करत ते जानेवारीत कुडाळपर्यंत यायला तयार नसतात, त्यामुळे ते नाही आले. आलो ते आम्ही दोघं, बारा वर्षांची लेक, आठ वर्षांचा धाकटा आणि सासूबाई. घर दिराच्या हवाली केलं.

ही ट्रिप फेब्रुवारी २०२४ ची. आता परत नोव्हेंबर आला आणि ओळखीचे चारजण विचारायला लागले, प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

तर पॅकेज. एजंटचं नाव घेत नाही, उगाच वाद नको. सहा रात्री सात दिवस, त्यात श्रीनगर दोन, पहलगाम दोन, हाउसबोट एक आणि गुलमर्ग एक. एक! आणि खाली बारीक अक्षरात 'स्की अनुभव समाविष्ट'. मी फोन करून विचारलं की अनुभव म्हणजे किती वेळ, तर म्हणे मॅडम पाऊण तास, फोटो-व्हिडिओ सगळं होतं त्यात. ते ऐकलं आणि मला हसूच आलं, कारण हा धंदा आम्हाला कोणी शिकवायला नको. आमच्याकडे मालवणला स्कुबा म्हणून जे चालतं ते काय असतं? पाठीमागून माणूस टाकी धरून बसलेला, तुम्हाला पाण्याखाली दहा-पंधरा मिनिटं फिरवतात, चार मासे तोंडासमोर येतात, अंगठा वर करून फोटो, झालं. वाईट नाही ते, पुष्कळ लोकांना तेवढंच हवं असतं आणि त्यावर अख्ख्या गावाची चूल पेटते. पण त्याला कोणी डायव्हिंग शिकलो म्हणत नाही. खरं शिकायचं तर तारकर्लीतच एमटीडीसीचं सेंटर आहे, तिथे तीन-चार दिवसांचा ओपन वॉटरचा कोर्स करावा लागतो, थिअरी असते, पोहायला लावतात, मास्कमध्ये पाणी घेऊन बाहेर काढायला लावतात. स्कीचं शंभर टक्के हेच आहे. पाऊण तासात तुम्ही फक्त बूट घालता आणि पडता.

म्हणून मी पॅकेज मोडलं. गुलमर्ग पाच रात्री, परतीच्या आधी श्रीनगर एक, पहलगाम काटलं. एजंट म्हणाला मॅडम गुलमर्गला पाच दिवस काय करणार, बोअर व्हाल. मोडल्याचे पैसे कापले ते कापलेच. मुलांना घेऊन जाणाऱ्यांना पहिली गोष्ट हीच सांगेन की गुलमर्गमध्येच राहा. श्रीनगरला राहून रोज जाऊन-येऊन करू असं बरेचजण ठरवतात, अंतर पन्नासेक किलोमीटरच आहे, कागदावर सोपं दिसतं. पण पायथ्याच्या टंगमर्गपासून वरचे तेरा किलोमीटर घाट आहे, आपल्या आंबोलीसारखी वळणं समजा आणि वर बर्फ. बर्फ पडला की टायरला साखळ्या लावलेल्या गाड्या नाहीतर फोर बाय फोर तेवढ्या वर जातात, तुमची श्रीनगरची गाडी खालीच थांबते. सकाळी साडेनऊच्या क्लासला पोचायला पहाटे निघणार, आठ वर्षांचं पोर घेऊन, चार दिवस? जमणार नाही.

तारखांचं पण सांगते. आमचं पहिलं बुकिंग जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातलं. एजंट छातीठोक सांगत होता की चिल्लई कलान असतं तेव्हा, एकवीस डिसेंबरपासून चाळीस दिवस काश्मीरची सगळ्यात कडक थंडी, बर्फाची गॅरंटी. आणि त्या वर्षी जानेवारी जवळजवळ संपेस्तोवर गुलमर्ग कोरडं ठणठणीत! बातम्यांत फोटो यायचे, तपकिरी गवत आणि त्यावर उभे राहून लोक सेल्फी काढतायत. सासूबाईंनी फोटो बघून विचारलं, "ह्या तर आपल्या कातळासारख्या दिसता गो, हय जावक इतके पैशे?" मग मी सगळं फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यावर ढकललं, विमानाच्या तिकिटांत भुर्दंड बसला, पण महिन्याच्या सुरुवातीला दणकून पडला एकदाचा. तेव्हा गॅरंटी शब्द कोणी वापरला की समजून घ्या. बर्फासाठी जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा त्यातल्या त्यात भरवशाचा काळ, आणि तारीख बदलता येणारं तिकीट चार पैसे जास्त देऊन काढलेलं परवडतं.

गेलो गोव्याच्या मोपा विमानतळावरून, दिल्लीला विमान बदलून श्रीनगर. प्रवासाचं जास्त लिहीत नाही, फक्त दोन गोष्टी. एक, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. नवऱ्याचा फोन उतरल्यापासून बंद, आणि बँकेचे सगळे ओटीपी त्याच्याच नंबरवर, मग काय, रोख. दोन, परतताना श्रीनगर विमानतळावर तपासण्या पुष्कळ असतात, गेटबाहेरच बॅगा उतरवून मशीनमधून काढायला लागतात, तीन तास हातात ठेवा. जाताना दिल्लीला सासूबाईंच्या पिशवीतले सुके बांगडे निघाले तेव्हा तो जवान आधी दोन पावलं मागे सरला नि मग हसला, सोडलं बिचाऱ्याने.

आता टंगमर्ग. गाडी थांबली रे थांबली की खिडकीला माणसं. कोट घ्या, गमबूट घ्या, वर मराल थंडीने. गाईड घ्या, गाईडशिवाय गोंडोलात सोडत नाहीत. खोटं आहे ते, गोंडोलाचं तिकीट तुमच्याकडे असलं की सरळ जाऊन बसायचं. गमबूट मात्र सासूबाईंसाठी घेतले आणि ते कामाला आले. बाकीच्यांना नको, स्की शिकणार असाल तर दिवसभर स्कीचे बूटच पायात असतात. लोकांवर चिडू नका पण, त्यांचा सीझन पण आपल्यासारखाच दोन-तीन महिन्यांचा. आमच्या जेटीवर उतरलात की आमची पोरं तुमच्याशी काय वेगळं वागतात?

गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६, म्हणजे महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकावर आणखी एक किलोमीटर रचा. आमच्या घराची समुद्रसपाटीपासूनची उंची एक माड, तोही ठेंगणा. पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागत होती सगळ्यांना, डोकं जड, मुलं चिडचिडी. म्हणून पहिला दिवस काहीच ठेवू नका. आम्ही नुसते फिरलो, पाणी पीत राहिलो, सासूबाई टेकडीवरच्या शंकराच्या देवळात जाऊन आल्या, १९१५ सालचं लाल छपराचं छोटंसं देऊळ, चारी बाजूंना बर्फ आणि आत घंटेचा आवाज, बाई तिथे अर्धा तास बसल्या. पुढे जूनमध्ये ते जळाल्याची बातमी आली तेव्हा घरी कोणीतरी गेल्यासारखं तोंड झालं होतं त्यांचं.

आता मुख्य मुद्दा, शिकणं. तीन रस्ते आहेत. एक म्हणजे सरकारी संस्थेचा कोर्स. गुलमर्गलाच आयआयएसएम आहे, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग, १९६८ पासूनची. मनालीची पर्वतारोहण संस्था सोलंगला शिकवते, उत्तराखंडात औलीला गढवाल मंडळाचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात. औलीचा रोपवे मात्र जोशीमठची जमीन खचली तेव्हापासून, म्हणजे जानेवारी २०२३ पासून बंद, आम्ही ठरवत होतो तेव्हा तोही विचार करावा लागला. हे कोर्स स्वस्त नि शिस्तीचे, पण ते एकट्या-दुकट्या तरुणांना बरे. आजी नि आठ वर्षांचा पोरगा घेऊन नाही जमत. दुसरा रस्ता, हॉटेल जो देईल तो मास्तर. तिसरा, आपण स्वतः उतारावर जाऊन, दुसऱ्यांना शिकवताना बघून ठरवणं. आम्ही तिसरा केला आणि ह्यासाठीच तो मोकळा पहिला दिवस उपयोगी पडला.

झालं काय, नवशिक्यांचा उतार आहे ना, उन्हाळ्यात तिथे गोल्फ कोर्स असतो, तिथे कडेला कहवा घेऊन आम्ही दोन तास बसलो आणि बघत राहिलो. काही मास्तर गिऱ्हाइकाला दोन्ही हात धरून खाली आणत होते, फोटो काढत होते, परत वर ढकलत होते. एकजण मात्र, साधारण पन्नाशीचा, एका मुलीला नुसतं पडायला शिकवत होता. पड, ऊठ. पड, ऊठ. बाजूला पडायचं, मागे नाही, उठताना स्की उताराला आडव्या करायच्या. लेक म्हणाली आई हाच. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला विचारलेलं नाही. चौघांत मिळून दिवसाला तीन हजार ठरले, सकाळी दोन तास नि जेवणानंतर दीड तास. घासाघीस केली थोडी, पण फार नाही, मला स्वतःला कोणी घासाघीस केलेली आवडत नाही, ती मी दुसऱ्याशी कशी करू.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान घ्यायला हॉटेलच्या शेजारच्याच दुकानात गेलो आणि तिथे माती खाल्ली. दुकानदाराने पायाकडे बघून बूट फेकले, कितीचा, सात? घ्या. आतला कपडा कालच्या माणसाच्या घामाने ओला. नि मुख्य म्हणजे वजन विचारलं नाही कोणाचंच. मला तेव्हा काय कळतंय, म्हटलं बुटाशी वजनाचा काय संबंध. उतारावर पहिल्याच तासात धाकटा पडला, पाय तिरका झाला आणि स्की सुटलीच नाही, गुडघ्यात कळ आली, रडारड. मास्तरने स्की काढून हातात घेतली, मागचा स्क्रू बघितला आणि आम्हाला सगळ्यांना तिथून उठवून दुसऱ्या दुकानात नेलं. तिथे मग कळलं. स्कीवर जी पकड असते, बूट अडकवायची, तिला बाइंडिंग म्हणतात, आणि तिचा घट्टपणा वजनाप्रमाणे फिरवायचा असतो, म्हणजे जोरात पडलात की बूट आपोआप सुटला पाहिजे. घट्ट राहिला तर स्की वळते आणि तिच्याबरोबर गुडघा. दुसऱ्या दुकानवाल्याने प्रत्येकाचं वजन विचारलं, तळपाय सेंटिमीटरमध्ये मोजला, स्की साधारण हनुवटीपर्यंत येतील अशा काढून दिल्या, जाड मोजे उतरवून एकच पातळ लांब मोजा घालायला लावला, आणि म्हणाला उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली पाहिजेत नि गुडघा वाकवला की मागे सरकली पाहिजेत. माणशी आठशे रुपये दिवसाला, पहिल्या दुकानापेक्षा दोनशे जास्त. ते दोनशे रुपये म्हणजे आख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात शहाणपणाचा खर्च. एवढं एक लक्षात ठेवा, दुकानात वजन विचारलं नाही तर बाहेर पडा.

स्कीचे बूट घालून चालणं हा प्रकार वेगळाच आहे, घोटा वाकतच नाही, सगळे रोबोसारखे. आणि उतारावर चढायचं कसं, तर आडवं, एकेक पाऊल बाजूला टाकत. मास्तर हिंदीत समजावत होता, कडेवर वजन दो, साइड स्टेप, हे कोणाला कळेना, मग धाकटा एकदम ओरडला, "आवशी, कुर्लीसारख्या!" आणि खरंच, कुर्ली, म्हणजे खेकडा, कशी चालते तसे आम्ही चौघं ओळीने आडवे वर चढलो. मास्तरला कुर्ली म्हणजे काय ते मोबाइलवर फोटो काढून दाखवलं, त्याला इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या कुठल्यातरी मंडळींना तो कुर्ली कुर्ली करत होता.

थांबण्यासाठी पुढची टोकं जवळ नि मागची लांब, त्रिकोण करायचा, ह्याला तिथे सगळेच पिझ्झा म्हणतात. पिझ्झा बडा करो, पिझ्झा बडा करो, दिवसभर उतारावर हाच गजर. मुलांना लगेच जमतं. मला दुसऱ्या दिवशी दुपारी जमलं. आणि नवरा, ज्याच्याबद्दल आमची सगळ्यांची खात्री होती की हा पहिल्या तासात पळेल कारण तो हलत्या होडीत उभा राहून जेवतो, तो सगळ्यात मागे राहिला. कारण मला नंतर कळलं. होडीत आपण गुडघे वाकवून वजन टाचेवर टाकतो, मागे रेलतो. स्कीवर मागे रेललं की पुढची टोकं हलकी होतात, वळत नाहीत आणि सुसाट जातात. वजन पुढे हवं, नडगी बुटाच्या जिभेला दाबून धरलेली. म्हणजे उतार समोर दिसतोय, भीती वाटतेय आणि झुकायचं मात्र त्याच्याकडेच. वीस वर्षांची बोटीतली सवय त्याला नडली. तीन दिवस तो पडत होता आणि सासूबाई कडेला खुर्चीवर बसून फिरनच्या, म्हणजे ढगळ काश्मिरी झग्याच्या, आत कांगडी धरून मोजत होत्या. "पैशे देवन पडाक इलंस रे झिला, घराकडे फुकट पडलो असतंस."

(कांगडी म्हणजे वेताच्या टोपलीत मातीचं भांडं नि त्यात निखारे. बाईंना ती इतकी आवडली की हॉटेलच्या पोराशी त्यांची ह्यावरून दोस्ती झाली, एकाला हिंदी येत नाही, दुसऱ्याला मालवणी. नून चाय मात्र एक घोट घेऊन खाली ठेवली, चायत मीठ म्हणजे त्यांच्या मते फसवणूक. जेवणाची चिंता नव्हती, काश्मिरी माणूस दोन्ही वेळेला भातच खातो, आणि सुकवलेली मासळी तिथेही हिवाळ्यात करतात हे कळल्यावर बांगड्यांचं रहस्यही तिथे कोणाला वाटलं नाही.)

आता लिफ्टचे पास, कारण सगळ्यात जास्त प्रश्न ह्याचेच येतात. सरळ सांगते, पहिले दोन दिवस नवशिक्याला कसलाही पास लागत नाही. तुम्ही पायीच चढता, तेवढाच उतार तुम्हाला झेपतो. तिसऱ्या दिवशी आम्ही ड्रॅगलिफ्टवर गेलो. ही म्हणजे वरून फिरणारी तार, तिला दांडा, दांड्याला थाळीसारखी चकती. चकती दोन पायांमध्ये घ्यायची आणि ती तुम्हाला ओढत नेते, स्की बर्फावरच असतात. त्या चकतीवर बसायचं नाही! सगळे बसतात, मीही बसले, आणि जो बसतो तो आडवा होतो नि मागच्या माणसाचा खोळंबा. ती नुसती ढकलते, पाळणा नाही. हिचे थोडेच पैसे लागतात, जागेवरच द्यायचे.

गोंडोला हा वेगळा विषय. दोन टप्पे. पहिला गुलमर्गपासून कोंगदूरीपर्यंत, साधारण ३,०८० मीटर, १९९८ साली सुरू झाला. दुसरा तिथून अफरवट डोंगराच्या धारेजवळ, ३,९५० मीटरच्या आसपास, हा २००५ चा. सहा-सहा जणांच्या बंद केबिन, यंत्रणा फ्रेंच कंपनीची. तिकिटं तारखेनुसार ऑनलाइन आधीच काढावी लागतात आणि सीझनला भराभर संपतात. दोन्ही टप्पे मिळून माणशी दोन हजाराच्या आत बसलं तेव्हा. आणि इथे मी घाईत दोन चुका केल्या. एक, पाचही जणांची दोन्ही टप्प्यांची काढली. सासूबाईंना नि धाकट्याला चार हजार मीटरच्या जवळ न्यायचं हे कुठल्या डोक्याने ठरवलं मी? त्या दोघांची दुसऱ्या टप्प्याची फुकट गेली. दुसरी, लेकीला चौथ्या दिवशी मास्तरबरोबर कोंगदूरीवर स्की करायचं होतं आणि मी तिचं पर्यटकांचं जाऊन-येऊन तिकीट काढलं, दिवसभर वर-खाली करणाऱ्या स्कीवाल्यांचा पास वेगळा असतो. तो परत काढावा लागला. तेव्हा क्रम लक्षात ठेवा, आधी मास्तर, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला विचारायचं की कोण वर जाण्याच्या लायकीचं झालंय, आणि मग त्यांचाच पास. आम्ही बरेच जण उलटं करतो, आधी पास, मग बर्फ, मग जमलं तर मास्तर. पर्यटकाच्या तिकिटाचं वेगळं, ते निघण्याआधीच काढा, फक्त मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांतली तारीख घ्या म्हणजे उंचीची सवय झालेली असते.

दुसरा टप्पा वारा सुटला की बंद ठेवतात, आम्ही गेलो त्या दिवशीही तासभर बंद होता. रांगेत कोणीतरी आरडाओरडा करत होतं. मी गप्प, आमच्याकडे धोक्याचा लाल बावटा लागल्यावर पण बोट काढा म्हणून भांडणारे असतात, त्यांची तोंडं मला माहीत आहेत. २०१७ च्या जूनमध्ये वाऱ्याने झाड उन्मळून तारेवर पडलं होतं आणि केबिन कोसळून सातजण गेले होते, बंद ठेवतात ते बरंच करतात. आणि नवशिक्यांनी स्की घेऊन दुसऱ्या टप्प्यावर जायचंच नाही. तिथे सारखा केलेला उतार नाही, मोकळा डोंगर आहे, अख्ख्या जगातले कसलेले लोक त्या भुसभुशीत बर्फासाठी येतात. आम्ही सतरा तारखेला निघालो, बावीसला खिलनमर्गकडे हिमकडा कोसळून एक रशियन स्कीवाला गेला. घरी बातमी बघताना लेक माझ्याकडे बघायला लागली.

तिची सांगते. चौथ्या दिवशी सकाळी ती मास्तरबरोबर वर गेली, आम्ही पर्यटक म्हणून मागून. कोंगदूरीला चेअरलिफ्टच्या बाजूला जो सारखा केलेला उतार आहे तिथे मी उभी होते. ती वरून निघाली, डावीकडे वळली, पिझ्झा, उजवीकडे वळली, मास्तर तिच्या पुढे उलटा, तिच्याकडे तोंड करून, हात न लावता. मधे एका जागी तिची डावी स्की थरथरली, माझ्या पोटात गोळा, तिने नडगी दाबली, स्की सावरली. माझ्यापासून दहा फुटांवर येऊन आडवी थांबली, बर्फाचा भुगा माझ्या तोंडावर. चष्म्याच्या आत डोळे पुसत होती. विचारलं काय झालं, तर म्हणे काही नाही, घाम. सासूबाईंना इथपर्यंत आणलं होतं पहिल्या टप्प्याने, त्या चौफेर बघून म्हणाल्या, "सगळा मिठागरासारख्या दिसता." मला वाटतं तिथे आलेल्या कोणीच हे आधी म्हटलं नसेल.

बाकी फुटकळ. उन्हाचं क्रीम घ्याच, आम्ही दर्यावरची माणसं, आम्हाला काय ऊन लागणार म्हणून नाही लावलं, बर्फावरून परत उसळणारं ऊन वेगळं असतं, धाकट्याच्या नाकाची सालं निघाली. जीन्स चालत नाही, भिजली की दिवसभर ओली. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा असतात फेब्रुवारीत गुलमर्गला, आमच्यानंतर चार दिवसांनी सुरू झाल्या, तेव्हा हॉटेलं महाग होतात, ती तारीख बघून घ्या. चौघांचं चार दिवसांचं शिकणं नि सामान मिळून पंचवीस हजाराच्या आत झालं, हे आमचे तेव्हाचे दर, तुमचे वेगळे असतील. ज्यांना फक्त बर्फात फोटो हवाय त्यांनी एवढा खटाटोप करू नये, त्यांना ते पाऊण तासवालं ठीक आहे, खरंच. नवरा शेवटच्या दिवशी निघायच्या आधी एकटाच पहाटे जाऊन सरळ खाली आला न पडता, एकदाच. साक्षीदार कोणी नाही.

हातमोजे वॉटरप्रूफ, दोन जोड, एक नेहमी ओला असतो. कांगडी विकत आणलीये सासूबाईंनी, विमानात मांडीवर धरून. आता तिन्हीसांजेला तिच्यात ऊद घालून घरभर फिरवतात, आणि पाहुण्यांनी विचारलं की काश्मीरच्या गप्पा सुरू, माझी भाजी तशीच चुलीवर.